हजार यंत्रे, एक शिस्त

मे 1983 मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, 'प्रोजेक्ट अथीना' सुरू झाला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन आणि आयबीएम या कंपन्यांनी यंत्रे, माणसे आणि पैसा पुरवायचा आणि एमआयटीने आवारभर संगणक पसरवायचे, अशी ती योजना होती. तोवर विद्यापीठातला संगणक म्हणजे एका थंड खोलीत बसवलेले मोठे यंत्र. विद्यार्थी टर्मिनलवरून त्याला काम देत आणि उत्तराची वाट बघत. अथीनाने ठिकठिकाणी स्वतंत्र वर्कस्टेशने ठेवली आणि ती एकमेकांना जोडली. विद्यार्थ्याने कुठल्याही यंत्रासमोर बसावे आणि त्याला आपल्याच फायली, आपलीच ईमेल मिळावी, हे उद्दिष्ट होते.

वापरणाऱ्याला ही सोय साधी वाटे. ती चालवणाऱ्यांपुढे मात्र पूर्वी कधी न आलेला प्रश्न उभा राहिला. एकच मोठे यंत्र सांभाळणारा माणूस त्याची प्रत्येक खोड ओळखून असे. कुठली फाइल कुठे आहे, कुठली दुरुस्ती कधी केली, हे त्याच्या डोक्यात असे. शेकडो यंत्रांच्या खोड्या कोण ध्यानात ठेवणार? 1988 मध्ये युसनिक्स परिषदेत विन ट्रीझ यांनी अथीनावर एक निबंध वाचला. त्याच्या शीर्षकातच एक हजार वर्कस्टेशनांचा उल्लेख होता. हजार यंत्रांसाठी हजार सांभाळकर्ते नेमणे कुणालाच परवडणारे नव्हते.

अथीनाच्या अभियंत्यांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे 'मोइरा' ही प्रणाली. कोण वापरकर्ते आहेत, कुठली यंत्रे आहेत, कुठल्या यंत्रावर कुठली सेवा चालते, या साऱ्या नोंदी एका मध्यवर्ती डेटाबेसात ठेवायच्या. त्या नोंदींवरून प्रत्येक सर्व्हरला लागणाऱ्या फायली आपोआप तयार करायच्या आणि त्याच्याकडे पाठवायच्या. बदल करायचा तो नोंदीत. यंत्रावर तो आपोआप उतरेल. पुढच्या चाळीस वर्षांत या क्षेत्रात जे काही घडले त्याचे बीज इथे सापडते. आपल्याकडे कुठली यंत्रे आहेत आणि ती कशी असायला हवीत, या दोन प्रश्नांची उत्तरे माणसाच्या आठवणीतून काढून लेखी स्वरूपात आणण्याचा हा इतिहास आहे.

स्क्रिप्टची मर्यादा

सर्व्हर म्हणजे इतर संगणकांना सेवा देणारा संगणक. रेल्वेचे आरक्षण, बँकेचा व्यवहार, रुग्णालयातला तपासणी अहवाल या सगळ्यांमागे असे शेकडो किंवा हजारो सर्व्हर काम करत असतात. प्रत्येकावर कुठले सॉफ्टवेअर आहे, त्याची कुठली आवृत्ती आहे, कुणाला प्रवेश आहे, कुठली सेवा चालू आणि कुठली बंद, असे बारीकसारीक तपशील असतात. या तपशिलांच्या मांडणीला कॉन्फिगरेशन म्हणतात. दोन सर्व्हर एकाच दिवशी अगदी सारखे उभे केले तरी सहा महिन्यांत ते वेगळे होतात. एकावर रात्री कुणी घाईने दुरुस्ती केलेली असते, दुसऱ्यावर ती करायची राहून गेलेली असते. असा फरक साचत जातो आणि तो कुणाच्या लक्षात येत नाही.

1980 च्या दशकात हे काम सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर हाताने किंवा छोट्या स्क्रिप्टा लिहून करत. 'आरडिस्ट'सारखी साधने एका यंत्रावरच्या फायली अनेक यंत्रांवर पोचवत. 1987 पासून मोठी केंद्रे सांभाळणाऱ्यांची 'लिसा' ही परिषद भरू लागली आणि प्रत्येक जण आपापली युक्ती तिथे मांडू लागला. सगळ्यांची अडचण जवळपास एकच होती. स्क्रिप्ट म्हणजे क्रमाने द्यायच्या आज्ञा: ही फाइल उघड, ही ओळ जोड, ही सेवा पुन्हा सुरू कर. यंत्र आपल्या कल्पनेप्रमाणे असेल तरच अशा आज्ञा बरोबर ठरतात. मध्येच वीज गेली आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली, तर तीच ओळ फाइलमध्ये दोनदा जोडली जाई. शिवाय सन, एचपी, डिजिटल अशा प्रत्येक कंपनीची युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी असल्याने एका कामासाठी चार तऱ्हेच्या आज्ञा लिहाव्या लागत. स्क्रिप्ट लांबत जाई, आणि ती लिहिणारा नोकरी सोडून गेला की तिला हात लावायला कुणी धजत नसे.

ऑस्लोतला भौतिकशास्त्रज्ञ

या कोंडीतून वाट काढणारा माणूस भौतिकशास्त्रातून आला. मार्क बर्जेस हे ब्रिटिश संशोधक सैद्धांतिक भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवून ऑस्लो विद्यापीठात आले होते. तिथल्या विभागातली थोडीशी वर्कस्टेशने सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि त्यात संशोधनाचा वेळ जाऊ लागला. तो वेळ वाचवण्यासाठी 1993 मध्ये त्यांनी 'सीएफइंजिन' लिहिले.

सीएफइंजिनला पायऱ्या सांगायच्या नसतात, अपेक्षित स्थिती सांगायची असते. 'या फाइलमध्ये ही ओळ असावी' एवढे लिहून ठेवायचे. ओळ आधीच असेल तर साधन काहीच करत नाही. नसेल तर ती जोडते. दहा वेळा चालवले तरी अखेर तीच. यंत्र कुठल्याही अवस्थेत असो, प्रत्येक फेरीगणिक ते ठरलेल्या स्थितीच्या जवळ सरकते आणि तिथे पोचले की स्थिर राहते. वेगवेगळ्या युनिक्समधले फरक साधनाच्या पोटात राहतात, त्यामुळे लिहिणाऱ्याला अटींच्या जंगलात शिरावे लागत नाही.

एकदा दुरुस्त केलेले यंत्र दुरुस्तच राहील, असे बर्जेस धरून चालत नव्हते. वापर, चुका, अपघात यांनी ते सतत बिघडत राहणार, हे त्यांनी भौतिकशास्त्रज्ञाच्या सहजतेने मान्य केले. म्हणून दुरुस्तीही सतत चालू हवी, असे त्यांचे म्हणणे होते. 1998 च्या लिसा परिषदेत त्यांनी हा विचार 'कॉम्प्युटर इम्युनॉलॉजी' या निबंधात मांडला. शरीराची रोगप्रतिकारशक्ती डॉक्टरची वाट न बघता काम करते. संगणकांच्या जाळ्यानेही आपली प्रकृती स्वतः सांभाळावी, ही त्यातली कल्पना होती.

त्याच सुमारास स्कॉटलंडमध्ये एडिंबरा विद्यापीठात पॉल अँडरसन 'एलसीएफजी' ही प्रणाली घडवत होते. आपल्या विभागातल्या यंत्रांचे संपूर्ण वर्णन एका ठिकाणी ठेवायचे आणि त्यावरून प्रत्येक यंत्र उभे करायचे, हा त्यांचा मार्ग होता. 1998 च्याच लिसा परिषदेत स्टीव्ह ट्रॉगॉट आणि जोएल हडलस्टन यांनी एक पाऊल पुढे टाकून संस्थेतली सगळी यंत्रे मिळून एकच मोठे यंत्र मानावे, असे सुचवले. त्यांच्या विचाराची कसोटी पुढे प्रसिद्ध झाली. कधीही बॅकअप न घेतलेले एखादे यंत्र उचलून दहाव्या मजल्यावरून खाली टाकले, तर ॲडमिनिस्ट्रेटरची मेहनत वाया जाते का? जात असेल, तर ती मेहनत लेखी उतरलेली नाही, असा त्याचा अर्थ. बहुतेक संस्था या कसोटीला उतरत नव्हत्या.

यादी आणि वहिवाट

यंत्रे कशी असावीत, या प्रश्नावर विद्यापीठांत असे काम चालले असताना आपल्याकडे यंत्रे आहेत तरी कुठली, हा प्रश्न कंपन्या आणि सरकारी कार्यालये वेगळ्या रीतीने हाताळत होती. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश सरकारच्या सीसीटीए या संस्थेने 'आयटिल' ही मार्गदर्शक पुस्तके काढायला सुरुवात केली. सर्व यंत्रे, त्यांवरची सॉफ्टवेअर आणि त्यांचे परस्परसंबंध यांची एक मध्यवर्ती नोंद असावी, असा त्यांचा आग्रह होता. या नोंदीला पुढे सीएमडीबी हे नाव रूढ झाले. मोठ्या कंपन्यांनी त्यावर भरपूर पैसा खर्च केला. पण सातबाऱ्यावर नाव एकाचे आणि शेत कसणारा दुसराच, अशी गत या याद्यांची वारंवार झाली. यंत्र विकत घेतले की नोंद होई. त्यावर नंतर कुणी काय बसवले, ते कुठे हलवले, कधी बंद केले, हे यादीत उतरत नसे.

याची किंमत 25 जानेवारी 2003 रोजी साऱ्या जगाला कळली. त्या दिवशी 'स्लॅमर' नावाचा अवघ्या 376 बाइटचा कीटक, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम, इंटरनेटवर सुटला. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधली एक फट तो वापरत होता. ती बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने जुलै 2002 मध्येच, म्हणजे सहा महिने आधी दिला होता. तरीही कीटकाचा माग काढणाऱ्या अमेरिकी संशोधकांच्या हिशेबानुसार किमान 75 हजार यंत्रे बाधित झाली, आणि फट उघडी असलेल्या यंत्रांपैकी 90 टक्क्यांहून अधिक पहिल्या दहा मिनिटांत सापडली. बँक ऑफ अमेरिकाची एटीएम बंद पडली, विमानांच्या फेऱ्या रद्द झाल्या.

पॅच का लावला नव्हता? काही ठिकाणी आळस होता, काही ठिकाणी पॅचमुळे चालू काम बिघडण्याची भीती होती. पण अनेकांना आपल्या यंत्रावर हे सॉफ्टवेअर आहे याचाच पत्ता नव्हता. त्याची एक छोटी आवृत्ती इतर कंपन्यांच्या उत्पादनांबरोबर मुकाट्याने यंत्रात बसत असे. जे यादीत नाही त्याची डागडुजी कुणी करत नाही, हा धडा स्लॅमरने दिला.

इंटरनेट कंपन्यांच्या भरभराटीत ही उणीव ओळखून काहींनी व्यवसायही उभे केले. मार्क अँड्रीसन आणि बेन होरोविट्झ यांच्या लाउडक्लाउड या कंपनीने 1999 पासून इतरांच्या वेबसाइट चालवायचे काम घेतले आणि त्यासाठी आपले स्वयंचलन सॉफ्टवेअर तयार केले. बाजार कोसळल्यावर त्यांनी सेवेचा धंदा 2002 मध्ये ईडीएस या कंपनीला विकला, सॉफ्टवेअर तेवढे जवळ ठेवले आणि कंपनीचे नाव ऑप्सवेअर केले. 2007 मध्ये एचपीने ती सुमारे 1.6 अब्ज डॉलरला घेतली. ज्याला पूर्वी तळघरातले किरकोळ काम समजत, त्याचे मोल आता अब्जांत होऊ लागले होते. मात्र अशी साधने महाग होती, बंदिस्त होती आणि लहान संस्थांच्या आवाक्याबाहेर होती.

पपेट, शेफ आणि भाड्याचे सर्व्हर

ती कोंडी मुक्त सॉफ्टवेअरने फोडली. अमेरिकेतले ल्यूक केनीस हे सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर अनेक वर्षे सीएफइंजिन वापरत होते. ते शिकायला अवघड आहे आणि दुसऱ्याने लिहिलेले काम त्यात सहजी वापरता येत नाही, अशी त्यांची खंत होती. 2005 मध्ये त्यांनी रुबी भाषेत 'पपेट' लिहिले. एखादी सेवा सर्व्हरवर उभी करायची म्हणजे बहुतेक वेळा तीन गोष्टी कराव्या लागतात: सॉफ्टवेअरचे पॅकेज बसवणे, त्याची कॉन्फिगरेशन फाइल ठेवणे आणि सेवा चालू करणे. पपेटने हे तिन्ही घटक आणि त्यांचे परस्परावलंबन सोप्या भाषेत मांडायची सोय दिली. प्रत्येक यंत्रावर बसवलेला एजंट साधारण दर अर्ध्या तासाने मध्यवर्ती सर्व्हरला विचारे, आपली स्थिती ताडून पाही आणि फरक दुरुस्त करी.

याच एजंटच्या जोडीला 'फॅक्टर' नावाचे छोटे साधन होते. यंत्राची स्मृती किती, ऑपरेटिंग सिस्टिम कुठली, नेटवर्कचा पत्ता काय, ही माहिती ते यंत्राकडूनच गोळा करी. यादी माणसाने भरण्याऐवजी यंत्रानेच ती रोज सांगावी, हा बदल सीएमडीबीच्या जुन्या दुखण्यावरचा खरा उपाय होता. यंत्र काय आहे आणि ते कसे असावे, ही दोन्ही टिपणे एकाच साधनात शेजारी आली.

पाठोपाठ पायाखालची जमीनच हलली. ऑगस्ट 2006 मध्ये ॲमेझॉनने 'ईसी2' ही सेवा चाचणीसाठी खुली केली. सर्व्हर विकत घ्यायचा तर खरेदीची मंजुरी, पुरवठादार, रॅकमधली जागा यांत आठवडे जात. आता एका आज्ञेसरशी काही मिनिटांत सर्व्हर भाड्याने मिळू लागला आणि काम झाले की सोडून देता येऊ लागला. चार माणसांच्या कंपनीकडेही सकाळी पाच आणि संध्याकाळी पन्नास सर्व्हर असू शकत होते. हाताने कॉन्फिगरेशन करणे यापुढे अशक्यच होते.

सिॲटलमधले ॲडम जेकब नवउद्योगांना सर्व्हर उभे करून देण्याचा व्यवसाय करत. प्रत्येक ग्राहकासाठी तेच काम नव्याने करावे लागते, हे पाहून त्यांनी सहकाऱ्यांसह 'शेफ' घडवले आणि जानेवारी 2009 मध्ये ते खुले केले. शेफमध्ये यंत्राचे वर्णन पूर्ण रुबी भाषेत लिहायचे असे, त्यामुळे ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना आपलेसे वाटले. पुढे फेसबुकने आपल्या प्रचंड सर्व्हरसंख्येसाठी जुने सीएफइंजिन सोडून शेफ स्वीकारले. जीनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेने दहा हजारांहून अधिक सर्व्हरसाठी पपेट निवडले.

या साधनांबरोबर कामाची रीतही बदलत होती. जून 2009 मध्ये सॅन होजे इथल्या व्हेलॉसिटी परिषदेत फ्लिकर या छायाचित्रांच्या साइटचे जॉन ऑल्स्पॉ आणि पॉल हॅमंड यांनी आपली साइट दिवसाला दहाहून अधिक वेळा बदलली जाते, असे सांगितले. सॉफ्टवेअर लिहिणारे आणि सर्व्हर सांभाळणारे या दोन गटांत तेव्हा हाडवैर असे. एकाला बदल हवा, दुसऱ्याला स्थैर्य. स्वयंचलन आणि विश्वास यांच्या जोरावर दोन्ही एकत्र नांदू शकतात, हे त्या भाषणाने दाखवले. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर पॅट्रिक डेबॉइस यांनी बेल्जियममधल्या गेंट शहरात पहिली 'डेव्हऑप्सडेज' परिषद भरवली आणि या चळवळीला नाव मिळाले. सर्व्हरचे वर्णन आता मजकूर म्हणून लिहिले जात होते. म्हणून ते तपासता येत होते, त्याच्या जुन्या आवृत्त्या ठेवता येत होत्या आणि बदल कुणी, कधी, कशासाठी केला हे वाचता येत होते.

तरी पपेट आणि शेफ शिकायला वेळ लागे आणि प्रत्येक यंत्रावर एजंट बसवावा लागे. नॉर्थ कॅरोलिनातल्या मायकेल डीहान यांनी 2012 च्या सुरुवातीला 'ॲन्सिबल' आणले ते या अडथळ्यावर उपाय म्हणून. त्यांनी पूर्वी रेड हॅटमध्ये सर्व्हर बसवण्याचे 'कॉब्लर' हे साधन लिहिले होते. ॲन्सिबलला एजंट लागत नाही. फिनलंडच्या टाटू युलेनेन यांनी 1995 मध्ये तयार केलेली 'एसएसएच' ही सुरक्षित वाट तोवर बहुतेक लिनक्स सर्व्हरवर होतीच. ॲन्सिबल तिच्यावरूनच काम करते. कामांची जंत्री साध्या मजकुरात लिहायची, आणि ती कुठल्या यंत्रांवर चालवायची हे 'इन्व्हेंटरी' नावाच्या यादीत सांगायचे. भाड्याचे सर्व्हर रोज बदलतात म्हणून ही यादी थेट ते पुरवणाऱ्या क्लाउड सेवेला विचारून तयार करण्याची सोयही त्यात आली. एका दुपारी शिकता येईल असे साधन मिळाल्याने लहान कार्यालयांतही स्वयंचलन शिरले. ऑक्टोबर 2015 मध्ये रेड हॅटने ॲन्सिबल विकत घेतले.

पंचेचाळीस मिनिटे

ॲन्सिबल बाळसे धरत होते त्याच वर्षी हाताच्या कामाचा धोका साऱ्या आर्थिक जगासमोर आला. नाइट कॅपिटल ही अमेरिकेतल्या शेअर बाजारातली मोठी दलाल कंपनी. 1 ऑगस्ट 2012 रोजी न्यू यॉर्क स्टॉक एक्स्चेंजची एक नवी योजना सुरू होणार होती आणि नाइटने त्यासाठी आपल्या ऑर्डर पाठवणाऱ्या प्रणालीत नवा कोड घातला होता. पुढे काय घडले याचा तपशील अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने ऑक्टोबर 2013 मध्ये काढलेल्या आदेशात आहे.

ही प्रणाली आठ सर्व्हरवर चालत होती. 27 जुलैपासून तंत्रज्ञाने टप्प्याटप्प्याने नवा कोड चढवला, पण आठांपैकी एका सर्व्हरवर तो चढवायचा राहिला. दुसऱ्या कुणी ते काम तपासले नाही, कारण तशी तपासणी करावी असा लेखी नियमच कंपनीत नव्हता. त्या आठव्या सर्व्हरवर 'पॉवर पेग' नावाचा जुना कोड पडून होता. कंपनीने त्याचा वापर 2003 मध्येच थांबवला होता, तो काढून मात्र टाकला नव्हता. नव्या कोडने ज्या खुणेचा उपयोग केला, तीच खूण पूर्वी पॉवर पेग जागा करण्यासाठी होती.

सकाळी साडेनऊला बाजार उघडला. सात सर्व्हर नीट चालले. आठव्याकडे आलेल्या ऑर्डर पॉवर पेगच्या हाती गेल्या. ऑर्डर पूर्ण झाली हे त्या जुन्या कोडला कळत नव्हते, त्यामुळे तो पुन:पुन्हा नव्या ऑर्डर पाठवत राहिला. ग्राहकांच्या 212 ऑर्डर भरताना त्याने सुमारे 45 मिनिटांत 154 कंपन्यांच्या शेअरमध्ये 40 लाखांहून अधिक व्यवहार केले. गडबड लक्षात आल्यावर अभियंत्यांनी नवा कोडच सदोष समजून तो उरलेल्या सात सर्व्हरवरून काढला, आणि तिथलाही पॉवर पेग जागा झाला. बाजार उघडण्यापूर्वीच प्रणालीने या दोषाकडे बोट दाखवणाऱ्या 97 ईमेल कंपनीतल्या लोकांना धाडल्या होत्या. इशारा म्हणून त्यांच्याकडे कुणी पाहिले नव्हते.

नाइटचे 46 कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. बाहेरच्या गुंतवणूकदारांच्या 40 कोटी डॉलरवर कंपनी कशीबशी तरली आणि वर्षभरात गेट्को या कंपनीत विलीन झाली. आठही सर्व्हरची स्थिती रोज आपोआप ताडून पाहणारी साधने तोवर मोफत उपलब्ध होती. पपेट सात वर्षांचे झाले होते, सीएफइंजिन एकोणीस वर्षांचे.

साधन बाजारात असणे आणि संस्थेच्या अंगवळणी पडणे यांतले अंतर 2017 मध्ये पुन्हा दिसले. अपाचे स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधली फट मार्चमध्ये जाहीर झाली. इक्विफॅक्स या ग्राहकांची पतविषयक माहिती ठेवणाऱ्या कंपनीने 9 मार्चला चारशेहून अधिक कर्मचाऱ्यांना ईमेल पाठवून 48 तासांत पॅच लावायला सांगितले. पण हे सॉफ्टवेअर आपल्या कुठल्या सर्व्हरवर आहे याची भरवशाची यादी कंपनीकडे नव्हती, हे अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने 2019 च्या अहवालात नोंदवले. ग्राहकांच्या तक्रारींसाठी असलेल्या एका जुन्या पोर्टलवर ते होते आणि तिथला पॅच राहून गेला. मे महिन्यात आत शिरलेले चोर 76 दिवस वावरले आणि सुमारे 14 कोटी 70 लाख लोकांची खासगी माहिती गेली.

साधनांचे वैभव आणि उतार

दरम्यान काम करण्याची पद्धत पुन्हा बदलली. मार्च 2013 मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी 'डॉकर' दाखवले, आणि 2014 मध्ये गूगलचे 'कुबरनेटिस' आणि हॅशिकॉर्पचे 'टेराफॉर्म' आले. सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारे सगळे साहित्य एका बंद पेटीत भरायचे, पेटी बिघडली की दुरुस्त न करता फेकून नवी ठेवायची, ही नवी पद्धत रूढ झाली. चालू सर्व्हर सतत दुरुस्त करत राहण्याची गरज त्यामुळे बरीच कमी झाली.

जुन्या कंपन्यांना याचा फटका बसला. 2020 मध्ये शेफ 22 कोटी डॉलरला प्रोग्रेस कंपनीकडे गेली, त्याच वर्षी थॉमस हॅच यांच्या 'सॉल्ट' या तशाच साधनाभोवती उभी राहिलेली कंपनी व्हीएमवेअरने घेतली, आणि 2022 मध्ये पपेट परफोर्सच्या मालकीची झाली. बर्जेस यांचा विचार मात्र मागे पडला नाही. कुबरनेटिसला आजही अपेक्षित स्थितीच सांगायची असते आणि ते प्रत्यक्षाशी ताळा करत अखंड फिरत राहते. ऑस्लोतल्या काही वर्कस्टेशनांसाठी लिहिलेले तत्त्व आता जगभरच्या डेटा सेंटरमध्ये चालते.

यादीचा प्रश्नही सुटलेला नाही. 2016 मध्ये डिजिटलओशनने खुले केलेले 'नेटबॉक्स'सारखे साधन नेटवर्क आणि रॅक यांची अधिकृत नोंद ठेवते. पण डिसेंबर 2021 मध्ये 'लॉग4जे' या छोट्याशा घटकातली फट उघड झाली तेव्हा जगभरच्या अभियंत्यांनी पहिले काही दिवस एकाच शोधात घालवले: हे आपल्याकडे आहे कुठे? आता सर्व्हरच्या यादीबरोबर प्रत्येक सॉफ्टवेअरच्या आतल्या घटकांचीही यादी मागितली जाते. अमेरिकी सरकारने मे 2021 च्या आदेशात तिचा आग्रह धरला होता.

या साऱ्या बदलांचा अर्थ महाराष्ट्राला चांगला कळतो. रेड हॅट आणि बीएमसी सॉफ्टवेअर या कंपन्यांची मोठी केंद्रे पुण्यात आहेत. मुंबई-पुण्यातल्या सेवा कंपन्यांत हजारो तरुण परदेशी बँकांचे, दुकानांचे, विमा कंपन्यांचे सर्व्हर रात्रपाळीत सांभाळतात. पूर्वी त्यांच्या हाती पायऱ्यांची यादी असे: ही आज्ञा द्या, हे उत्तर आले का पाहा, नाही तर वरिष्ठांना फोन करा. ते काम साधनांनी घेतले. ज्यांनी त्या पायऱ्यांमागचे कारण समजून घेऊन ते लिहायला शिकून घेतले त्यांचा पगार आणि मान दोन्ही वाढले. नुसत्या पायऱ्या गिरवणाऱ्यांची गरज घटली. या स्थित्यंतराची झळ माणसांना बसली आहे आणि ती इतिहासात नोंदवायला हवी.

वेगाची जबाबदारी

दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. एका जागेवरून हजार यंत्रे दुरुस्त करता येतात, तर तिथूनच हजार यंत्रे बिघडवताही येतात. 2020 च्या एप्रिलअखेर सॉल्टमधल्या दोन फटी जाहीर झाल्या आणि काही दिवसांत हल्लेखोरांनी लिनिएजओएस आणि घोस्ट या प्रकल्पांच्या मध्यवर्ती सर्व्हरवर ताबा मिळवला. साऱ्या किल्ल्या एका खोलीत ठेवल्या की त्या खोलीवरच घाला पडतो.

19 जुलै 2024 रोजी तर कुणी शत्रूही नव्हता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरसाठी पाठवलेली एक कॉन्फिगरेशन फाइल सदोष निघाली. ती 78 मिनिटांत मागे घेतली गेली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार 85 लाख विंडोज यंत्रे कोसळली होती. रुग्णालये, बँका, विमान कंपन्या अडल्या. भारतात काही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कोसळलेली यंत्रे धड सुरूच होत नसल्याने दुरुस्तीची आज्ञा दुरून पोचत नव्हती. अनेक ठिकाणी अभियंत्यांना एकेका यंत्रापाशी जाऊन ती चुकीची फाइल हाताने काढावी लागली.

या घटनांकडे बघून स्वयंचलन नको, असे म्हणता येणार नाही. नाइट कॅपिटल हाताच्या कामामुळे गोत्यात आली आणि इक्विफॅक्स यादी नसल्यामुळे. हजारो सर्व्हर हाताने सांभाळणे आज कुणालाही शक्य नाही. 2024 च्या अपघाताने शिकवले ते हे की बदल आधी थोड्या यंत्रांवर करावा, तिथे तो नीट चालला तरच पुढे न्यावा, आणि दुसऱ्या माणसाने तो वाचलेला असावा. यातली एकही गोष्ट नवी नाही. नाइटच्या तंत्रज्ञाजवळ बसून सहकाऱ्याने आठही सर्व्हर मोजले असते, तर तेवढ्याने भागले असते.

मोइरापासून कुबरनेटिसपर्यंतच्या साधनांनी एक मोठे काम निश्चित केले. एकेका माणसाच्या डोक्यात बंद असलेले ज्ञान त्यांनी सगळ्यांना वाचता येईल अशा मजकुरात आणले. सांभाळणारा बदलला तरी यंत्रणा अनाथ होत नाही, ही त्यांची कमाई आहे. पण लेखी मजकूर आपोआप खरा होत नाही. यादी प्रत्यक्षाशी जुळते का हे कुणीतरी पाहावे लागते, इशाऱ्याच्या ईमेल कुणीतरी उघडाव्या लागतात, बदल पुढे धाडण्याआधी कुणीतरी थांबून वाचावा लागतो. आपले पैसे, आपले उपचार आणि आपला प्रवास आता या शिस्तीवर अवलंबून आहेत. म्हणून सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या कामात तपासणीसाठी वेळ आणि माणसे राखून ठेवणे हा खर्च टाळण्याजोगा नाही. ज्यांनी तो टाळला त्यांनी काय मोजले, हे या इतिहासात आकड्यांनिशी लिहिलेले आहे.